परमिट न्हाई, अलाऊ

आमच्या समोरच्या रंगराव सुभेदारांच्या अंगणाला कुंपण नव्हतं, पण फाटक होतं.

पूर्वी शेराचं कुंपण होतं म्हणे. दुष्काळात ते जळून गेलं. दुष्काळ सरता सरता सुभेदार फौजेतून पेन्शनीवर आले आणि कुंपण राहिलं बाजूला, त्यांनी आधी फाटक उभं केलं. बाभळीचे दोन खांब, त्यांवर आडवा बांबू, बांबूच्या बुडख्याला बांधलेला धोंडा आणि शेंड्याला कासरा. कासरा सैल सोडला की धोंडा खाली आणि बांबू वर, थेट रेल्वेच्या फाटकासारखा. फाटकाच्या डावीकडे मोकळी जमीन, उजवीकडे मोकळी जमीन. शेळ्या, कोंबड्या आणि गावातली झाडून सगळी कुत्री बाजूने बिनदिक्कत ये-जा करायची. माणसं मात्र फाटकाशी थांबायची.

मी साताऱ्यात वाढलेली, मॅट्रिक पास, आणि त्याचा तोरा असलेली. लग्न होऊन म्हसवडच्या अलीकडच्या या गावात आले त्याच आठवड्यात सासूबाईंनी, म्हणजे आत्याबाईंनी, मला सुभेदारांकडे विरजण आणायला धाडलं. मी आपली हातात वाटी घेऊन निघाले. बांबू आडवा दिसला म्हणून बाजूच्या मोकळ्या जागेतून अंगणात शिरले.

"हॉल्ट."

वाटी हातातून सुटायचीच राहिली. बाजेवर एक उंचापुरा, पिळदार मिशांचा माणूस ताठ बसला होता. डोक्यावर पलटणीची टोपी, अंगात बंडी आणि खाली धोतर.

"आलीस तशी परत जा. फाटकाला ये."

मी परत गेले आणि फाटकाशी उभी राहिले.

"आता इच्यार."

"काका, विरजण नेऊ का?"

"इरजान बायकूच्या, हौसाच्या खात्यात येतं. आत यायचं इच्यार."

"आत येऊ का?"

सुभेदारांनी मान तिरकी करून माझ्याकडे पाहिलं, विचार केला आणि म्हणाले, "अलाऊ."

बांबू काही हलला नाही. मी वाट बघत राहिले.

"अलाऊ केलंय, ये की."

"पण फाटक?"

"अलाऊला फाटक उघडत न्हाई. वाकून यायचं. परमिटला उघडतं."

डोक्यावरचा पदर एका हाताने धरून आणि दुसऱ्या हातात वाटी सांभाळून, मी नवी नवरी त्या बांबूखालून वाकून गेले. आमच्या दारातून आत्याबाई पदर तोंडाला लावून हसत होत्या. गावात आलेल्या प्रत्येक सुनेचं हे असंच व्हायचं, हे त्यांनी मला मुद्दामच सांगितलं नव्हतं.

सुभेदारांची अर्धी नोकरी पलटणीच्या ऑफिसात गेली होती. तिथे एक साहेब होता, तो म्हणे चुकीचा शब्द आला की कागद फाडून टाकायचा. त्या साहेबाच्या हाताखाली सुभेदारांना परवानगीच्या इंग्रजी शब्दांची जी गोडी लागली, ती पेन्शनीबरोबर गावात आली. "लोक म्हनत्यात समदं एकच," ते सांगायचे. "एकच कसं? शिपाई बी मानूस, सुभेदार बी मानूस, म्हून काय एका मेसला जेवत्यात? परवानगीला बी दर्जा असतो."

आता हे दर्जे मला सांगायलाच हवेत, कारण आमच्या गल्लीचं सगळं जगणं त्यावर चालायचं. 'अलाऊ' म्हणजे मला पसंत नाही, पण मी आडवा येत नाही. 'परमिट' म्हणजे नियमात बसतं, जबाबदारी माझी. गल्लीतल्या एका लग्नात कर्णा सुभेदारांच्या लिंबावर बांधायचा होता. मंडळी फाटकाशी आली. सुभेदार म्हणाले, "अलाऊ." मंडळी खूश. रात्री कर्ण्यासकट फांदी खाली आली ती थेट वरमाईच्या पुढ्यातल्या बुंदीच्या परातीत. सकाळी सगळे भांडायला आले तर सुभेदार शांतपणे दाढी करत होते. "म्या परमिट दिलं हुतं का? अलाऊ केलं हुतं. अलाऊमदी फांदीची ग्यारंटी येत न्हाई."

परमिट या शब्दाने तर आधी घोटाळाच झाला होता. आमच्याकडे परमिट म्हणजे एकच, दारू प्यायचं. सुभेदार रोज सकाळी बायकोला परमिट देतात हे पहिल्यांदा कानावर आलं तेव्हा आत्याबाई दोन दिवस हौसाकाकींच्या तोंडाचा वास घेत फिरत होत्या.

'सँक्शन'ला पैसा लागतो आणि पैसा लागतो म्हणून वेळ लागतो. त्यांच्या मुलीने, कुसुमने, दिवाळीला नव्या चपला मागितल्या, त्या संक्रांतीला सँक्शन झाल्या. 'ग्रँट' त्यांनी कधीच कुणाला दिली नाही. "रजा ग्रँट हुती," ते म्हणाले. "ती लय खालच्या आवाजात मागावी लागती. म्या मागितलीय. दुसऱ्या कुनाला मागाय लावनार न्हाई." आणि शेवटचा 'लेट', उशिराचा नव्हे, येऊ-जाऊ देण्याचा. "त्यो घरच्याचा शब्द. फाटक वर, कुनी इच्यारायचं न्हाई, कुनी द्यायचं न्हाई. फौजेत वापरायचा सवालच येत न्हाई."

हळूहळू हे शब्द सगळ्या गल्लीला चिकटले. माझ्या सासरी आधी परवानगीला एकच शब्द होता: "बघू." आत्याबाई बघू म्हणाल्या की महिना गेला. सुभेदारांच्या शेजारामुळे त्यात एकदम सुधारणा झाली. मी माहेरी जायचं काढलं की आत्याबाई पीठ चाळता चाळता म्हणायच्या, "जा. परमिट न्हाई, अलाऊ." म्हणजे जा, पण एक दिवस उशीर झाला तर माझं तोंड मोकळं आहे. माझं तर म्हणणं आहे, सासू-सुनांसाठी याहून सोयीचा शब्द मराठीत कुणी काढलेला नाही.

एका शब्दाचं मात्र गल्लीला माहीत नव्हतं. एका दुपारी मी हौसाकाकींची वाट बघत अंगणात शेंगा फोडत बसले होते, आणि सुभेदार पाय पुढे घेऊन तळव्याला तेल चोळत होते. डाव्या पायाला दोन बोटं कमी होती. मी नको तितकी टक लावून बघत होते, ते त्यांनी पाहिलं.

"बरफात गेली. डाक्टर करनल हुता. म्हनला, रंगराव, कापाय लागंल, कन्सेंट? म्या म्हनलं सर, तुमी करनल, मला काय इच्यारताय, आर्डर द्या. त्यो म्हनला, हितं आर्डर चालत न्हाई. पाय तुजा हाय. ज्याचं जानार, त्यानंच द्यायचं."

"मग तुम्ही तो शब्द इथे कधी वापरत नाही?"

"हितं कुनाचं काय जातंय?" ते म्हणाले आणि दुसरा पाय पुढे घेतला.

आता हौसाकाकींचं सांगते, कारण त्यांच्यावरून माझं डोकं रोज सकाळी फिरायचं. विहीर सुभेदारांच्या घराच्या मागे. घराचं मागचं दार विहिरीच्या बाजूलाच उघडायचं. तरी काकी रोज घागर कमरेवर घेऊन स्वयंपाकघरातून पुढे यायच्या, ओसरी ओलांडून अंगणात, आणि फाटकाशी उभ्या राहायच्या.

"आवं, पान्याला जाऊ का?"

सुभेदार बाजेवरून उठायचे, टोपी घालायचे, ताठ व्हायचे. "परमिट." कासरा सैल, बांबू वर. मग काकी बाहेर पडून अख्ख्या घराला वळसा घालून मागच्या विहिरीवर जायच्या आणि भरली घागर घेऊन त्याच वळशाने परत यायच्या. संध्याकाळी पुन्हा तेच. मला असा संताप यायचा म्हणून सांगू. मी शिकलेली ना. बाईला स्वतःच्या विहिरीवर जायला परवानगी, आणि तीही इतक्या लांबून. मी आत्याबाईंकडे तावातावाने बोलले, तर त्या म्हणाल्या, "तुला न्हाई कळायचं. तू गव्हू निवड."

आणि मग त्या उन्हाळ्याच्या शेवटाला कुसुमचा सांगलीला नंबर लागला.

नर्सिंगच्या ट्रेनिंगला. आमच्या गल्लीतून तोवर मुलगी गेली ती लग्न होऊनच. कुसुम सांगलीला जाणार, होस्टेलवर राहणार, पांढरी टोपी घालणार, या बातमीने गल्ली नुसती फुलून गेली. मला तर माझाच नंबर लागल्यासारखं झालं. मी तिला केसांना जाळी कशी लावतात ते दाखवलं. नर्सला ती लागते का हे मला ठाऊक नव्हतं, पण साताऱ्याची असल्याने कुणी शंका घेतली नाही. सोमवारी हजर व्हायचं, नाहीतर जागा दुसरीला. आता फक्त फाटकाचं राहिलं होतं.

कुसुमने पहिल्याच दिवशी फाटकाशी उभं राहून विचारलं होतं, "आबा, सांगलीला जाऊ का?"

सुभेदार म्हणाले, "अंडर कन्सिडरेशन."

हा नवीनच शब्द निघाला. मी गल्लीला अर्थ सांगितला, की विचार चालू आहे. आत्याबाई म्हणाल्या, "म्हंजी बघू." आणि गल्लीचा जीव टांगणीला लागला.

दिवस जात होते आणि सुभेदार काही बोलत नव्हते. इकडे पैजा लागल्या. आत्याबाई म्हणाल्या सँक्शन, कारण होस्टेलचा खर्च आहे. आमचे हे म्हणाले, "अलाऊ. ट्रंक घिऊन वाकून जाईल बिचारी." मी जिद्दीने परमिट लावलं, पण मनातून घाबरले होते, की ते काहीच म्हणणार नाहीत. हरणाऱ्याने सगळ्या गल्लीला भजी घालायची असं ठरलं. पिठाच्या गिरणीत, पारावर, जो तो विचारायचा, "काय रं गड्या, निगाला का शबुद?"

रविवारी कुसुम माझ्याकडे आली. तिचे डोळे सुजले होते. मी तिला म्हटलं, "अगं वेडे, फाटकाच्या दोन्ही बाजूंनी मोकळं रान आहे. सरळ बाजूने निघून जा. कोण अडवणार आहे?"

"कोन न्हाई आडवायचं," ती म्हणाली. "आबा बी न्हाई. पर तसं न्हाई जायचं मला, वहिनी. ल्हान असताना आबा रजेवर आलं की मी त्यास्नी पाव्हनं म्हनायची. पाव्हनं आलं, पाव्हनं गेलं. आता कुटं चार वर्सं झाली आमची वळख हून. कडंनं गेले तर त्यास्नी काय वाटंल?"

पैजेची मला लाज वाटायला लागली, हे खरं.

सोमवारची पहाट. एसटी पारापाशी लागली होती आणि तिच्या इंजिनाची घरघर आमच्यापर्यंत ऐकू येत होती. गल्ली तोंड न धुता आपापल्या दारात. कुसुम नव्या साडीत, हातावर आईने दिलेलं दही खाऊन, ट्रंक घेऊन फाटकाशी आली. हौसाकाकी मागे ओसरीवर. सुभेदार आले ते कडक इस्त्रीची खाकी पँट, खाकी शर्ट आणि टोपी घालून. गल्लीतल्या लग्नालासुद्धा त्यांनी ती इस्त्री मोडली नव्हती.

"आबा, सांगलीला जाऊ का?"

सुभेदारांनी कासऱ्याला हात घातला आणि तसेच थांबले. पारावरून एसटीचा भोंगा वाजला. आमच्या ह्यांनी माझा दंड इतका घट्ट धरला होता की वळ उठला. सुभेदार मुलीकडे बघत होते. चार वर्षांत तिला पहिल्यांदाच नीट बघत असावेत, असे.

"कन्सेंट," ते म्हणाले.

कासरा सैल सुटला. बांबू वर गेला, अगदी उभा.

गल्लीत कुणाला काही कळेना. हा शब्द कुणाच्याच पैजेत नव्हता. आमचे हे माझ्या कानाशी म्हणाले, "ह्यो कुटला काडला आता? वरच्या दर्जाचा का खालच्या?" मला त्या पायाची नसलेली दोन बोटं दिसत होती. ज्याचं जाणार, त्यानंच द्यायचं. कुसुमला त्या शब्दाचा अर्थ माहीत नसावा, पण बापाचं तोंड तिला कळलं. ती वाकून त्यांच्या पाया पडली. सुभेदारांनी ट्रंक उचलून स्वतःच्या खांद्यावर घेतली आणि डाव्या पायाने किंचित लंगडत ते तिच्यापुढे पाराकडे चालू लागले.

पैज कुणीच जिंकली नव्हती म्हणून कोण हरलं यावर दुपारपर्यंत वाद झाला. शेवटी आत्याबाईंनीच घाणा काढला आणि सगळ्यांना भजी घातली.

सुभेदार एसटी गेल्यावर परत आले. टोपी खुंटीला अडकवली आणि बाजेवर भिंतीकडे तोंड करून पडले. बांबू कुणी खाली घेतला नाही. दिवसभर फाटक वरच. लोक आले, गेले, कुणी थांबलं नाही, थांबायचं कशाला? मीही भज्यांची ताटली घेऊन सरळ आत गेले. कुणी हॉल्ट म्हटलं नाही. मला वाटलं होतं मोकळं वाटेल, पण अगदी नको झालं.

हौसाकाकी चुलीपुढे बसल्या होत्या. काहीतरी बोलायचं म्हणून मी म्हटलं, "काकी, आता उद्यापासून मागच्या दारानं पाण्याला जात चला. तो वळसा तरी वाचेल."

"मागलं दार बंद कवा हुतं?" काकी म्हणाल्या.

मी ताटली हातात धरून तिथेच टेकले.

"अगं, बावीस वर्सं म्या ह्या घरात कुनाला काय इच्यारलं न्हाई. पेरा कवा धरायचा, रेडकू ठिवायचं का इकायचं, पोरगी साळंत घालायची का न्हाई, समदं माजं म्या केलं. मग हे कायमचं आलं. बगत्यात तर घर आपलं चाललंय. ह्यास्नी कुनी इच्यारायचं काय, आन कशापायी? दोन म्हैनं नुसतं बाजंवर बसून हुतं. मग फाटक केलं." त्यांनी चुलीतलं लाकूड मागे ओढलं. "म्या म्हनलं, बरं झालं बया. दिसातनं दोनदा थांबाय जागा झाली."

मी ताटली तिथेच ठेवून घरी आले. आत्याबाईंनी विचारलं काय झालं, तर मी गहू निवडायला बसले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी सडा टाकत होते. हौसाकाकी दोन घागरी घेऊन पुढच्या दारातून अंगणात आल्या. बांबू अजून वरच होता. काकींनी घागरी खाली ठेवल्या, कासरा धरला आणि सगळा भार टाकून बांबू खाली ओढला, खांबाला गुंडाळून गाठ मारली. मग एक घागर कमरेवर घेऊन त्या फाटकाच्या आतल्या बाजूला उभ्या राहिल्या.

"आवं, पान्याला जाऊ का?"

बाजेवर हालचाल नाही.

"आवं, इच्यारतेय म्या. पान्याला जाऊ का?"

बाज करकरली. सुभेदार उठले. खुंटीवरची टोपी काढली, झटकली, डोक्यावर नीट बसवली आणि फाटकाशी येऊन ताठ उभे राहिले. आवाज बसला होता, तरी शब्द नेहमीचाच निघाला.

"परमिट."

गाठ सुटली, बांबू वर गेला. काकी बाहेर पडल्या, दोन पावलं गेल्या आणि वळल्या. "ती दुसरी घागर तुमी घ्या की. चला."

सुभेदारांनी घागरीकडे पाहिलं, मग फाटकाकडे. "मला कोन देनार?"

"म्या देते."

"कंचं?"

"ते विंग्रजीतलं मला ठावं न्हाई," काकी म्हणाल्या. "चला तुमी."

सुभेदारांनी घागर उचलली. बांबू तसाच वर सोडून ते बाहेर पडले. एक पुढे, एक मागे, दोघं घराला वळसा घालून विहिरीकडे गेली. मागचं दार उघडंच होतं.